तीन मार्कांची इमारत

न्यूयॉर्कमध्ये एक जगप्रसिद्ध इमारत आहे. तिला एकदा शंभरपैकी तीन मार्क पडले होते. हो, तीन. आमच्या शाळेत शेवटच्या बाकावर झोपा काढणाऱ्यालाही याहून जास्त पडायचे.

झालं असं, की मोठ्या इमारतींनी वर्षाला किती ऊर्जा जाळली ते जाहीर करावं असा कायदा न्यूयॉर्क शहराने केला. २०१२ साली आकडे प्रसिद्ध झाले. यात 'एनर्जी स्टार' नावाची गुणपद्धत असते. आपल्यासारख्याच इतर इमारतींच्या तुलनेत आपण कुठे बसतो ते १ ते १०० या मापात सांगायचं. १९३१ सालच्या म्हाताऱ्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला, दुरुस्ती करून घेतल्यावर, ८० मार्क. आणि १९५८ साली बांधून झालेल्या, आर्किटेक्चरच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात फोटो असलेल्या सीग्राम बिल्डिंगला ३.

माझं पोट या विषयावर चालतं. भिंतीतून, काचेतून, खिडकीच्या चौकटीतून उष्णता कशी गळते, हे मोजायचं आणि ती कशी अडवायची ते शोधायचं, हे माझं काम. पीएचडीची साडेपाच वर्षं मी यातच घालवली. (घरी अजून विचारतात, "म्हणजे नक्की काय करतोस?" मी सांगतो, "खिडक्या बंद करतो." असो.) त्यामुळे सीग्राम हे नाव आमच्या लॅबमध्ये विनोदासारखं वापरलं जायचं. कोणाचं डिझाइन फसलं की "वा, सीग्राम केलंस!"

इमारत अशी: ३८ मजले, ५१५ फूट उंची, जमिनीपासून छतापर्यंत तांबूस करड्या रंगाच्या काचा आणि त्यांच्या मधून खालपासून वरपर्यंत धावणाऱ्या ब्राँझच्या उभ्या पट्ट्या. एकूण ब्राँझ १५०० टन. ब्राँझमधून उष्णता झकास वाहते. जुन्या मोटारसायकलच्या इंजिनावर ज्या पातळ पातळ पट्ट्या असतात ना, इंजिन थंड करायला, आम्ही त्यांना फिन म्हणतो. इमारतीला बाहेरून धातूच्या फिन लावल्यावर न्यूयॉर्कच्या जानेवारीत दुसरं काय होणार? माझ्या दृष्टीने हा एक भला मोठा, फार महागडा रेडिएटर होता, आणि तो पार्क ॲव्हेन्यू तापवत होता.

हे माझं मत बदललं ते अण्णांमुळे. पूर्ण नाही बदललं, पण त्याला धक्का मात्र बसला.

अण्णा म्हणजे माझे वडील. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नगरपालिकेत ओव्हरसियर होते. बांधकाम परवाने, मोजणी, अतिक्रमण, गटारं, सगळं त्यांच्याकडे. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली. आई गेल्यावर दोन वर्षं एकटे राहिले आणि मग माझ्या फार आग्रहाखातर पाच महिन्यांसाठी इकडे आले. माझ्या मनात होतं, की रुळले तर पुढचं बघू. ग्रीन कार्ड, इन्शुरन्स वगैरे. बोललो नव्हतो, पण त्यांनाही ते कळत होतं.

अण्णा रुळले नाहीत. कारण विचाराल तर थंडी नाही, जेवण नाही, भाषाही नाही. बसायला जागा नाही, हे कारण!

तुम्हाला हसू येईल. आमच्या न्यूजर्सीच्या घरात सोफा आहे, आरामखुर्ची आहे, बाल्कनीही आहे. पण अण्णांना 'बसायला' म्हणजे घराबाहेर, चार माणसं दिसतील अशा ठिकाणी, काही न करता बसायला जागा हवी होती. आपल्याकडे याला किती शब्द आहेत बघा: पार, कट्टा, ओटा, पायरी, चावडी, पडवी. आमच्या कॉम्प्लेक्समध्ये यातलं काही नाही. हिरवळ आहे, ती बघायला. बाक आहे, तो पोहण्याच्या तलावाच्या कुंपणाआत. तिसऱ्या आठवड्यात अण्णा चालत वीस मिनिटांवरच्या दुकानांपर्यंत गेले आणि पार्किंगच्या कडेच्या बुटक्या भिंतीवर टेकले. पाच मिनिटांत एक गृहस्थ येऊन अत्यंत गोड आवाजात विचारून गेले, "कॅन आय हेल्प यू, सर?"

संध्याकाळी अण्णा मला म्हणाले, "इंग्रजी माझं यथातथा आहे, पण 'उठा' कळतं मला."

त्यानंतर ते चालायला जायचे, पण कुठे टेकायचे नाहीत. एकाहत्तर वर्षांचा माणूस तासभर चालून, उभ्यानेच पाणी पिऊन परत यायचा.

जूनमध्ये मला मॅनहॅटनमध्ये काम निघालं. दुपारी दोनला मीटिंग, दीड तासाची. अण्णांना म्हटलं, चला, सकाळी शहर बघू, मग मी मीटिंग उरकतो आणि परत येऊ. ते तयार झाले. पहाटे उठून त्यांनीच थालीपीठं थापली, लोणच्याची बाटली घेतली. ट्रेनने पेन स्टेशन, तिथून 'ई' सबवेने लेक्झिंग्टन आणि त्रेपन्नावा रस्ता. प्रश्न एकच होता, की दीड तास यांना ठेवायचं कुठे? कॉफीच्या दुकानात बसायचं तर कॉफी घ्यावी लागते, आणि अण्णा न पिण्याच्या कॉफीला पाच डॉलर देणं शक्यच नव्हतं. मीटिंग होती पार्क ॲव्हेन्यूवर. जवळपास काय आहे, असं डोक्यात फिरवत असताना आठवलं, अरे, ते आपलं तीन मार्कवालं!

कोपऱ्यावर आलो आणि अण्णा थबकले. पार्क ॲव्हेन्यू म्हणजे दोन्ही बाजूंनी इमारतींच्या भिंती फूटपाथला चिकटून उभ्या. त्यात मध्येच ही इमारत रस्त्यापासून ९० फूट मागे सरकून उभी आहे. पुढे गुलाबी ग्रॅनाइटचं मोकळं अंगण. तीन पायऱ्या चढायच्या, की डावी-उजवीकडे पाण्याचे दोन उथळ हौद, कडेला हिरव्या संगमरवराचे लांबलचक कठडे. ना फाटक, ना कुंपण, ना पुतळा.

अण्णांनी इमारतीकडे बघितलंच नाही. ते अंगणाकडे बघत होते. खात्यात पस्तीस वर्षं घालवलेल्या माणसाने पहिलं वाक्य उच्चारलं ते असं:

"अरे, एवढा एफएसआय वाया घालवला?"

मला इतकं हसू आलं! पण विचार केला तर न्यूयॉर्कच्या बिल्डर लोकांनीही १९५० च्या दशकात नेमकं हेच म्हटलं असणार. जगातल्या सर्वांत महाग रस्त्यांपैकी एकावर प्लॉट, आणि त्याचा पुढचा भाग रिकामा सोडलेला.

"कोणाची आहे बिल्डिंग?"

"सीग्राम कंपनीने बांधली. कॅनडाची दारूची कंपनी."

"तेच ना, आपल्याकडे ज्यांच्या सोड्याची जाहिरात असते?"

"तेच."

"दारूवाला, आणि जागा सोडतो?" अण्णांना हे काही केल्या पटेना.

डबा खायचा होता. मी सरळ जाऊन कठड्यावर बसलो. अण्णा उभेच. आधी त्यांनी डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे, मग काचेच्या दारापाशी उभ्या असलेल्या गार्डकडे. "विचारून ये त्याला." मी म्हटलं, अहो, सगळे बसलेत. खरंच बसले होते. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली ऑफिसची मंडळी, पिवळी हेल्मेटं बाजूला ठेवून सँडविच खाणारे बांधकामावरचे कामगार, सायकल आडवी टाकून पाय पसरलेला एक कुरिअरवाला पोरगा. शेवटी अण्णा टेकले, पण अर्धवट. उठायच्या तयारीत. आणि नेमका तो गार्ड आमच्या दिशेने चालत आला. अण्णा उठलेच! गार्डने थालीपीठाकडे पाहिलं, "एन्जॉय युअर लंच" म्हणाला आणि पुढे गेला.

अण्णा हळूच परत बसले. या वेळी पूर्ण.

जेवताना मी त्यांना इमारतीची कुळकथा सांगितली. तुम्हालाही सांगतो, कारण गोष्ट बाप-लेकीची आहे.

कंपनीचे मालक सॅम्युअल ब्रॉन्फमन. त्यांनी न्यूयॉर्कच्या मुख्य कचेरीसाठी एक डिझाइन करून घेतलं होतं. त्यांची २७ वर्षांची मुलगी फिलिस लॅम्बर्ट तेव्हा पॅरिसमध्ये राहायची. १९५४ साली तिने ते चित्र बघितलं आणि वडिलांना आठ पानी पत्र लिहून चक्क खडसावलं, की असली सुमार इमारत तुम्ही बांधूच शकत नाही. इमारत ही फक्त तुमची नसते, रोज तिच्यासमोरून जाणाऱ्यांचीही असते, असा एकूण तिचा सूर. आपल्याकडे बापाने म्हटलं असतं, "तू तुझं बघ." ब्रॉन्फमननी तिला बोलावून घेतलं आणि आर्किटेक्ट शोधायचं काम तिच्यावरच सोपवलं. तिने निवडला मीस व्हॅन डर रोह.

हा मीस म्हणजे आखन गावच्या पाथरवटाचा मुलगा. आर्किटेक्चरची पदवी नाही. बर्लिनमध्ये नाव कमावलं, मग नाझींच्या काळात काम मिळेनासं झालं आणि १९३८ साली, पन्नाशी उलटल्यावर, शिकागोला येऊन स्थायिक झाला. म्हणजे आपल्यातलाच, परदेशी आलेला. आणि आपल्यातलाच म्हणून त्याच्या वाट्यालाही कागदपत्रं आली. सीग्रामचं काम चालू असताना न्यूयॉर्क राज्याने हरकत काढली, की तुमच्याकडे इथलं लायसन्स नाही, आणि त्यासाठी शालेय शिक्षण पूर्ण केल्याचा पुरावा हवा. सत्तरीला टेकलेला, जगभर गाजलेला माणूस, आणि त्याला म्हणे शाळेचा दाखला आणा! मीस वैतागून काही काळ शिकागोला निघून गेला. त्याचा जोडीदार फिलिप जॉन्सनने आणि लायसन्स असलेल्या स्थानिक कंपनीने काम चालू ठेवलं. पुढे ते प्रकरण मिटलं. माझ्या डिग्रीच्या इव्हॅल्युएशनचे कागद चार वेळा परत आले होते तेव्हा मला मीसची फार आठवण आली होती.

अण्णांना यातलं दाखल्याचं फार आवडलं. "खातं म्हणजे खातं," म्हणाले. नगरपालिकेचा अभिमान त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

मग ते उठून ब्राँझच्या पट्ट्या जवळून बघून आले. त्यांना लगेच शंका आली, "हे आय सेक्शन भार घेत नाहीत."

पस्तीस वर्षांच्या साइटवरच्या नजरेला दाद द्यायला हवी. ते बरोबर बोलले होते. इमारतीचा भार पोलादी सांगाड्यावर आहे, पण आगीच्या नियमांमुळे ते पोलाद काँक्रीटमध्ये लपेटावं लागतं, म्हणजे दिसत नाही. मीसला तर 'इमारत कशी उभी आहे ते दिसलं पाहिजे' हा ध्यास. म्हणून त्याने बाहेरून ब्राँझचे आय सेक्शन लावले. इमारतीचा भार ते घेत नाहीत, आत कसला सांगाडा आहे त्याची नुसती आठवण करून देतात. ब्राँझ हिरवं पडू नये म्हणून दरवर्षी धुऊन त्याला तेलाचा हात द्यावा लागतो. "म्हणजे देवघरातल्या समईसारखं," अण्णा म्हणाले. मी फिन आणि उष्णतेचं व्याख्यान सुरू करणार होतो, पण पावणेदोन झाले होते. "इथून हलू नका, फोन चालू ठेवा" असं लहान मुलाला सांगावं तसं सांगून मी गेलो.

मीटिंगमध्ये माझं अर्धं लक्ष खिडकीबाहेर. कोणी उठवलं तर? हा माणूस उठून चालू लागेल आणि लाजेने फोनही करणार नाही.

साडेतीनला धावतच परत आलो. अण्णा त्याच जागी होते. चपला काढून बाजूला ठेवलेल्या, एक पाय वर घेतलेला. आमच्या गावच्या मारुतीच्या पारावर बसतात तसेच. मला बघून म्हणाले, "एकशे बारा."

"काय एकशे बारा?"

"तू गेल्यापासून एकशे बारा माणसं इथे बसून गेली. या बाजूच्या कठड्यावरची धरली, तिकडची नाही. कोणालाही उठवलं नाही." मग त्यांनी कठड्याला वीत लावून दाखवली. "दोन विती. म्हणजे दीड फुटाच्या आसपास. याहून उंच असता तर बायका बसल्या नसत्या. आणि रुंदी बघ, दोन माणसं पाठीला पाठ लावून बसतात."

मी थक्क झालो. कारण १९७० च्या दशकात विल्यम व्हाइट नावाच्या माणसाने नेमकं हेच काम केलं होतं.

त्याची पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कचा १९१६ चा जुना नियम असा होता, की इमारत वर जाताना पायऱ्यापायऱ्यांनी मागे घ्यायची. मात्र प्लॉटच्या २५ टक्के भागावर तुम्ही हवा तेवढा उंच मनोरा सरळ चढवू शकता. मीसने या २५ टक्क्यांचा फायदा घेतला, मनोरा सरळ चढवला आणि पुढची जागा मोकळी ठेवली. त्या बदल्यात त्याला काही मिळालं नाही. उलट शिक्षाच झाली म्हणा ना. इमारत बांधायला ३ कोटी ६० लाख डॉलर लागले, कंपनी म्हणाली की भाड्याच्या उत्पन्नावर हिशोब करून घरपट्टी लावा, शहर म्हणालं की एवढी भारी इमारत आहे तर जास्त लावणार. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९६४ साली कंपनी हरली.

पण गंमत अशी, की तेच शहर या अंगणाच्या प्रेमातही पडलं. १९६१ साली नवा कायदा आला. सर्वांत दाटीच्या भागात तुम्ही एक चौरस फूट मोकळं अंगण लोकांसाठी सोडा, आम्ही तुम्हाला १० चौरस फूट जास्तीचं बांधकाम करू देतो. म्हणजे अण्णांच्या भाषेत, बोनस एफएसआय.

"मग तर पाऊस पडला असेल अंगणांचा," अण्णा म्हणाले.

पडला. बिल्डरांनी धडाधड अंगणं सोडली. नुसता दगड टाकलेली, वाऱ्याने झोडपलेली, खड्ड्यात दडलेली, कठड्यावर कोणी बसू नये म्हणून लोखंडी सुळे ठोकलेली अंगणं. कागदावर मोकळी जागा, प्रत्यक्षात एक कुत्रं फिरकेना. तेव्हा व्हाइटने मदतनीस घेतले, उंचावर कॅमेरे लावले आणि दुपारच्या सुट्टीत कुठल्या अंगणात किती माणसं बसतात ते महिनोन् महिने मोजलं. सीग्रामच्या पुढे चांगल्या हवेच्या दिवशी दीडशेच्या घरात माणसं असायची, आणि कित्येक मोठ्या अंगणांत जेमतेम मूठभर. कारण काय? ऊन तपासलं, आकार तपासला, क्षेत्रफळ तपासलं. शेवटी जे उत्तर आलं ते इतकं साधं होतं, की सांगायला लाज वाटावी. जिथे बसायला जागा असते, तिथे माणसं बसतात! कठडा एक फूट ते तीन फूट उंच असला की झालं. १९७५ साली नियम बदलला आणि अंगणाच्या दर ३० चौरस फुटांमागे एक फूट बैठक सक्तीची झाली. तरीही २००० साली शहराच्या नियोजन खात्याने आणि हार्वर्डच्या जेरोल्ड केडन यांनी मिळून अशा ५०३ जागा तपासल्या, तेव्हा ४१ टक्के जागा जवळजवळ निरुपयोगी निघाल्या. बोनस मात्र सगळ्यांनी घेतलेला.

आणि सगळ्यात मोठी मजा पुढे आहे. ज्या कठड्यावर आम्ही थालीपीठं खाल्ली तो बसायला बांधलेलाच नाही! फिलिप जॉन्सनने नंतर सांगितलं, की लोकांनी बसू नये अशाच बेताने आम्ही ते केलं होतं. पाणी कठड्याला लागून ठेवलं, की माणसं पडायच्या भीतीने बसणार नाहीत. माणसं तरी बसली. मीसलाही याचं आश्चर्य वाटलं म्हणे.

अण्णा बराच वेळ गप्प होते. मला वाटलं दमले. मग म्हणाले, "म्हणजे याने बांधलं म्हणून नाही. बसले तेव्हा उठवलं नाही, म्हणून झालं हे."

पुन्हा थोडा वेळ गेला. मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकली.

आमच्या पेठेत जुन्या घरांना रस्त्याच्या बाजूने दगडी ओटे होते. मला पुसटसे आठवतात. रस्ता रुंद करायचं ठरलं तेव्हा ते सगळे ओटे अतिक्रमण ठरले, कारण मूळ हद्दीच्या दीड-दोन फूट बाहेर होते. नोटिसा काढल्या अण्णांनी, उभं राहून पाडलेही अण्णांनी. नियमाप्रमाणे. "एक म्हातारे होते. विडी ओढत दिवसभर ओट्यावर बसायचे. जाणाऱ्या-येणाऱ्याला 'काय रे, कुठं निघालास' विचारायचे. आम्ही ओटा पाडला, त्या दिवशी काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी बघतो तर तिथेच, मोकळ्या जागेत, पत्र्याची खुर्ची टाकून बसलेले. मी म्हटलं, बाबा, रस्ता आहे हा, गाड्या जातात. तर म्हणाले, साहेब, बसू कुठं ते सांगा, उठतो."

"मग?"

"मग काय. मला सांगता आलं नाही. पावसाळ्यानंतर त्यांची खुर्ची दिसली नाही." अण्णांनी चपला घातल्या. "रस्ता रुंद झाला तो झालाच. चार महिन्यांत तिथे मोटारसायकली लागायला लागल्या."

मी काही बोललो नाही. न्यूजर्सीच्या त्या पार्किंगमधल्या गोड आवाजाच्या गृहस्थांची मला आठवण झाली, आणि वाटलं, अण्णांनाही तीच झाली असावी.

ऑगस्टमध्ये अण्णा परत गेले. ग्रीन कार्डचा विषय मी विमानतळाच्या वाटेवर काढला. ते म्हणाले, "तुझ्या घरात मला काही कमी नाही बाळा. घराबाहेर काही नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही. तेरा वर्षं झाली मला या देशात, आणि मी स्वतः विनाकारण कुठे बसलो होतो ते आठवायला लागलो, तर तो जूनमधला दिवस सोडून चटकन काही सापडत नाही.

आता मॅनहॅटनला काम असलं की मी अर्धा तास आधी जातो आणि त्या कठड्यावर बसतो. वर बघितलं की उष्णता गळताना मला अजूनही दिसते. त्यात काही माफी नाही. २०१२ चे ते तीन मार्क योग्यच होते, आणि पेपर मी तपासला असता तर मीही तेवढेच दिले असते. पण लॅबमध्ये आता मी तो विनोद करत नाही. भिंतीतून किती वॅट गेले ते मोजायला माझ्याकडे यंत्र आहे. १९५८ पासून दर दुपारी किती माणसांनी तिथे न विचारता, न विकत घेता डबा खाल्ला, हे त्या मार्कांत कुठे धरायचं ते मला कळत नाही. १९८९ साली शहराने इमारतीबरोबर या अंगणालाही वारसा म्हणून संरक्षण दिलं. कंपनीने इमारत केव्हाच विकली, मालक बदलले, पण अंगण आहे तसं आहे.

गेल्या महिन्यात व्हॉट्सॲपवर अण्णांचा फोटो आला. घराची पुढची कंपाउंड वॉल पडायला आली होती, ती नवीन बांधायला घेतली होती. बघतो तर भिंत दोन फूट आत घेतलेली, आणि तिच्या बाहेर, रस्त्याच्या कडेला पण आमच्याच हद्दीत, एक लांब दगडी कट्टा. त्यावर भाजीवाल्या मावशी टोपली खाली ठेवून टेकलेल्या, शेजारी शाळेच्या दोन पोरी रिक्षाची वाट बघत असलेल्या.

मी फोन लावला. म्हटलं, "अण्णा, एवढी जागा वाया घालवलीत?"

"दोन विती आहे उंची," अण्णा म्हणाले. "ये तेव्हा बघ बसून."